उताणं सुख

मिरजेजवळच्या माळावर जे नवं रुग्णालयनगर उभं राहिलं आहे, त्याच्या शय्याविज्ञान प्रयोगशाळेत एकच खुर्ची होती आणि ती विभागप्रमुख डॉ. श्रीरंग उपळेकरांची होती. बाकीच्यांनी उभं राहायचं. माणसाला आराम कसा द्यावा यावर तिथे संशोधन चालत असे. समोर एक पारदर्शक गादी, गादीवर प्लास्टिकचा पुतळा. पुतळा उताणा, पाय सरळ, हात बाजूला. उशाशी छोट्या पडद्यावर हिरवा आकडा लुकलुकत होता : शहाण्णव.

"बघा," उपळेकर म्हणाले, "प्लास्टिकचा असून सुखात आहे."

नुकत्याच रुजू झालेल्या, यंत्रशिक्षणाच्या म्हणजे मशीन लर्निंगच्या तज्ज्ञ डॉ. मृण्मयी लाटकर हसाव्यात अशी अपेक्षा होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, पुतळ्याला शहाण्णव कसे पडले?"

"कारण तो योग्य स्थितीत झोपलाय." उपळेकर खुर्चीतच अर्धे वळले. "हिचं नाव सुखशय्या. आत वायुकोश आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. प्रत्येकाखाली दाबसंवेदक. रुग्ण कसा पडलाय, कुठे भार टाकलाय, किती वळवळतोय, सगळं हिला कळतं. हे निम्मं काम. उरलेलं निम्मं रुग्ण करतो. आम्ही त्याला विचारतो, कसं वाटतंय? तो सांगतो. कुठल्या स्थितीतला माणूस 'बरं आहे' म्हणतो, हे गादी हजारो जबाबांवरून शिकली. आता ती समोरच्या माणसाच्या स्थितीवरूनच सांगते, की विचारलं तर हा काय म्हणेल. तो सुखांक. आणि सुखांक कमी असला, तर वायुकोश फुगवून-रिकामे करून त्याला जास्त सुखांकाच्या स्थितीत नेते. अलगद."

"पण गादी स्वादुपिंडाच्या कक्षात आहे ना? त्या सुजेत उताणं?" मृण्मयी म्हणाल्या. "मी डॉक्टर नाही, पीएचडीवाली आहे. पण इथे येण्याआधी थोडं वाचलंय."

"बरोबर वाचलंय तुम्ही." उपळेकरांना शिकवायला आवडे, त्यांचा आवाज वर्गातला झाला. "स्वादुपिंड कुठे असतं? जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात, आडवं. ते सुजलं आणि माणूस उताणा झोपला, की ते कण्यावर ताणलं जातं. मागे मज्जातंतूंचं जाळं आहे, त्यावर दाब येतो. कळ पाठीत घुसते. म्हणून पुस्तकं सांगतात, डोक्याकडची बाजू वर घ्या, पुढे उशीवर वाकून बसा, नाहीतर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या. मीसुद्धा आयुष्यभर हेच शिकवलं."

"मग?"

"मग माहिती आली."

'माहिती' हा शब्द त्यांनी, कार्यक्रमाला 'मंत्रीमहोदय आले' असं सांगतात, तसा उच्चारला. त्यानंतर जुन्या पुस्तकांनी उठून जागा करून द्यायची असते. उपळेकरांनी स्वतःच तशी जागा करून दिली होती. 'कुशीवर झोपण्याच्या समजाचा अंत' या त्यांच्या निबंधाला परिषदेत उभं राहून टाळ्या मिळाल्या होत्या. शिवाय वेदनाशामक औषध देणारा पंप त्यांनी थेट गादीला जोडून टाकला होता. सुखांक सत्तरच्या खाली गेला तर पंप चालू, वर असला तर बंद. सगळ्या कक्षाचा सुखांक सत्तरच्या वर असल्यामुळे पंप सहसा बंद असत. माणसं सुखात आहेत तर औषध कशाला, इतकं ते सरळ होतं.

"आणि नाडी, रक्तदाब?" मृण्मयींनी विचारलं.

"तो दुसरा विभाग. त्यांचं यंत्र वेगळं, कंत्राटदार वेगळा. आपण फक्त सुख बघतो."

पुतळा शहाण्णववर स्थिर होता.

*

स्वादुपिंडाच्या बायकांच्या कक्षात सुखशय्येशी रोज भांडणारी एकच बाई होती : अॅडव्होकेट शकुंतला आवटी. सांगलीच्या कामगार न्यायालयात त्यांचा आवाज चढला, की बाहेरचा चहावाला दार लावून घेई. पित्ताशयातला एक खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला होता आणि स्वादुपिंड सुजलं होतं. ही सूज म्हणजे दारूच, असं धरून दाखल झाल्यापासून प्रत्येकानं त्यांना एकच प्रश्न केला होता : घेता का? स्वागतकक्षातल्या मुलीनं हळू आवाजात, निवासी डॉक्टरनं मोठ्या आवाजात, आणि सोनोग्राफीवाल्यानं तर पडद्यावर खडा ढळढळीत दिसत असताना.

"घेते की," त्या त्याला म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांविरुद्धच्या केसेस."

मृण्मयी कक्षात आल्या तेव्हा आवटीबाई डाव्या कुशीवर वळलेल्या होत्या. गुडघे छातीला भिडलेले, पोटाशी उशी, हनुवटी उशीवर. चेहऱ्यावरचा पीळ सैल पडत होता. डोळे मिटत होते. तेवढ्यात पोटाखालचे वायुकोश फुगू लागले, पाठीमागचे रिकामे झाले, आणि जावयाला पाटावर बसवावं इतक्या अदबीनं गादीनं त्यांना उताणं केलं. पायाखालचे कोश सपाट झाले. पाय सरळ.

"आपल्या सुखासाठी आपली स्थिती सुधारली आहे," गादी गोड बायकी आवाजात म्हणाली.

"आग लागो तुझ्या सुखाला!" आवटीबाई दातांत ओठ धरून म्हणाल्या. मग मृण्मयींकडे बघून, "तुम्ही कोण? डॉक्टर, की गादीवाल्या?"

"गादीवाली."

"मग थांबा. डॉक्टरांशी बोलून झालंय." त्यांनी कळ जाऊ दिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. "माझी तक्रार साधी आहे. माझं दुखतंय. बरगडीखालून घुसतं ते पाठीतून बाहेर पडतं. मी सांगते, दुखतंय. गादी सांगते, नाही. आणि इथे गादीचं ग्राह्य धरतात. अहो, इतकी वर्षं वकिली केली. पक्षकार समोर जिवंत हजर असताना फर्निचरची साक्ष काढणारं कोर्ट मी पहिल्यांदा बघतेय."

उशाशी आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

"तुम्ही खुर्चीत नाही बसत? पुढे वाकून?"

"बसले ना! मस्त झोप लागली. टेबलावर उशी, उशीवर मी. तर ही कोकलायला लागली, 'रुग्ण शय्येवर नाही, रुग्ण शय्येवर नाही.' दोन जणी आल्या आणि मला सुखात परत नेऊन टाकलं."

पडद्यापलीकडून कोणीतरी हसलं आणि हसताना कळ आल्यामुळे थांबलं. त्या शेजारच्या खाटेवरच्या विमलकाकू शेटे. सत्तरीच्या, बारीक चणीच्या. उताण्या झोपल्या होत्या आणि चादरीच्या आत दोन्ही मुठी पोटावर दाबून धरल्या होत्या.

"तुम्हालाही दुखतं का काकू?" मृण्मयींनी विचारलं.

"थोडंसं गं. चालायचंच. त्या पोरींना किती कामं असतात. आपण कशाला सारखं हाका मारायच्या?"

"थोडंसं म्हणे!" आवटीबाई म्हणाल्या. "दुपारभर कण्हत असता तुम्ही. मी ऐकते ना!"

"झोपेत असेल."

"झोप लागते का तुम्हाला?"

विमलकाकू विचारात पडल्या. "नाही," त्या अपराधी चेहऱ्यानं म्हणाल्या.

काकूंचा सुखांक एक्क्याण्णव होता. कक्षातला सर्वात जास्त. पाहुण्यांना दाखवायला उपळेकर नेहमी त्यांच्याच खाटेशी येत.

*

चार वाजता भेटीची वेळ सुरू होई. मृण्मयी त्या दिवशी कक्षातच थांबल्या, वायुकोशांच्या दाबाची नोंद तपासायची म्हणून. त्यामुळे चारला पाच कमी असताना जे घडलं ते त्यांना दिसलं. इतक्या दिवसांत कुणी ते बघितलं नव्हतं, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

सगळा कक्ष आवरू लागला. जी वळून पडली होती ती उताणी झाली. जिनं पाय पोटाशी घेतले होते तिनं ते लांब केले. गाऊनची बटणं लागली, केसांवरून हात फिरले, चादरी छातीपर्यंत ओढल्या गेल्या. हे सगळं गादीनं केलं नव्हतं. बायकांनी आपणहून केलं होतं. थोरला दीर यायचा, व्याही यायचे, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक यायचे. त्यांच्यासमोर गठडी वळून, पाठ करून कसं पडायचं?

आवटीबाईंनी तर कंगवाही मागितला. त्यांचे मोठे भाऊ अण्णा आणि सुमनवहिनी आले, तेव्हा लेबर कोर्टाची वाघीण पाय जुळवून, चादर नीट करून, रांगोळीतल्या रेषेसारखी सरळ पडली होती.

"काय वन्सं, कसं आहे?" वहिनींनी डबा उघडला. "सांजा आणलाय. साजूक तुपातला."

"वहिनी, मला पाणीसुद्धा तोंडानं देत नाहीत."

"एवढासा खा. पोटात काही नसलं की दुखतंच. आणि गल्लीत सगळे विचारत होते हो. मी म्हटलं, तसलं काही नाही, खडा आहे. तरी जोशीबाई म्हणाल्याच, स्वादुपिंड म्हटलं की तेच असतं."

अण्णा छताकडे बघत होते. गादीला आपल्याभोवती माणसं उभी असल्याचं जाणवलं आणि ती गोड आवाजात म्हणाली, "शकुंतलाताई, कसं वाटतंय?"

आवटीबाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांनी भावाकडे पाहिलं, वहिनीच्या डब्याकडे पाहिलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

सुखांक नव्वदवर गेला. आणि मग मृण्मयींच्या कानावर कक्षभर तेच आलं. या खाटेवरून, त्या खाटेवरून, हळू, ठासून, हसून : बरं आहे. बरं आहे. बरं आहे हो, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात!

नातेवाईक गेल्यावर त्या आवटीबाईंच्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"मी? कधी?"

"मघाशी. गादीनं विचारलं तेव्हा."

आवटीबाई रागावून काही बोलणार होत्या. पण त्या उलटतपासणी घेण्यात मुरलेल्या होत्या आणि आपण साक्षीदार म्हणून पकडले गेलो हे त्यांना इतर कुणाच्याही आधी कळलं.

"ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते वहिनीला सांगायचं असतं ते होतं."

"गादीला खरं कधी सांगितलंत मग?"

"एकटी असताना तिनं विचारलंय कधी? फक्त माणसं जमली की विचारते. का हो असं?"

मृण्मयींना त्याचं कारण माहीत होतं. प्रयोगाच्या नियमावलीत ते अभिमानानं लिहिलेलं होतं. रुग्णाचा जबाब दबावाखाली घेतला असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून नैतिकता समितीनं तो नातेवाइकांसमक्षच घ्यावा असं ठरवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक जबाब भेटीच्या वेळेतच झाला. आणि भेटीच्या वेळेत प्रत्येक रुग्ण उताणा असतो, सरळ असतो, झाकलेला असतो आणि बरा असतो. नातेवाईक गेल्यावर तो गुडघे पोटाशी घेऊन वळतो, तेव्हा त्याला खरंच हायसं वाटतं. पण तेव्हा विचारायला कोणी नसतं. गादीच्या लेखी ते सुख घडलेलंच नाही.

"म्हणजे ही गादी वेदना ओळखायला शिकलेलीच नाही," मृण्मयी म्हणाल्या. "ती सभ्यपणा ओळखायला शिकली आहे. आणि तुम्ही असभ्य वागायला लागलात, की तुम्हाला सभ्य करते."

आवटीबाईंनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे माझ्याआधी या खाटेवर झोपलेल्या प्रत्येक बाईनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली."

"हो."

"आणि मघाशी मी पुढच्या बाईविरुद्ध दिली." त्यांनी शेजारच्या पडद्याकडे मान वळवली. "बंद करा ही. आत्ता."

"मला तसा अधिकार नाही. उपळेकर सरांची परवानगी लागते."

"मग उभ्या काय राहिलात? जा!"

*

"म्हणजे तुमचं म्हणणं," उपळेकर खुर्चीतून म्हणाले, "इतके सगळे रुग्ण खोटं बोलले?"

"खोटं नाही सर. सभ्यपणे बोलले."

"सभ्यपणा मोजायचं यंत्र आहे तुमच्याकडे?"

"तुमच्याकडे आहे. तेच सांगतेय."

उपळेकर हसले. त्यांना हुशार माणसं आवडत, विशेषतः हाताखालची. "लाटकर, एक समजून घ्या. रुग्णानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, ते नातेवाइकांनी ऐकलं, समितीनं मान्य केलं. यापेक्षा भक्कम पुरावा वैद्यकशास्त्रात असू शकतो?"

"सर, पुस्तकात जे आहे ते तुम्हीच मला सांगितलंत. कणा, मज्जातंतू, ताण. शरीर तेच आहे ना अजून? रुग्णांचं स्वादुपिंड कण्याच्या पुढून मागे तर गेलेलं नाही?"

या प्रश्नावर उपळेकरांनी पुतळ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि म्हणूनच मृण्मयींना जास्त राग आला.

"सोमवारी दिल्लीहून पाहणीला लोक येताहेत," ते शेवटी म्हणाले. "या गाद्या देशभर जाणार आहेत. सोमवार होऊन जाऊ दे. मग समितीपुढे ठेवू. तुम्ही रीतसर लिहून द्या."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? सगळ्यांचे अंक उत्तम आहेत."

मृण्मयींनी रीतसर लिहून दिलं. त्याशिवाय काय करता येईल याचा विचार त्यांनी घरी जाऊन केला आणि उद्या बघू असं ठरवलं. शिकलेल्या माणसाला उद्याचा फार आधार असतो.

*

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना कक्ष पुन्हा आवरू लागला, फक्त आवटीबाई सोडून. त्यांनी डाव्या कुशीवर वळून खाटेचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. गादी पोटाखाली फुगत होती, ढुशा देत होती. सलाइनची नळी ताणली गेली होती. केस विंचरलेले नव्हते. अण्णा आणि सुमनवहिनी आले ते त्यांच्या पाठीला सामोरे आले.

"अगं बाई, वन्सं! हे काय? अण्णा आलेत!"

"दिसलं मला."

"मग जरा नीट व्हा ना. लोक बघताहेत."

"शकुंतलाताई, कसं वाटतंय?" गादीनं विचारलं.

"दुखतंय!" आवटीबाई म्हणाल्या. कोर्टातला आवाज होता तो. शेवटच्या खाटेपर्यंत गेला. "पोटात दुखतंय, पाठीत दुखतंय, उताणं झोपवलं की जीव जातो. नीट ऐक. दुखतंय!"

कक्षातले सगळे नातेवाईक दुसरीकडे बघू लागले. रस्त्यात कोणी घसरून पडलं, की बघतात तसे.

"धन्यवाद," गादी म्हणाली. "आपलं उत्तर आजवरच्या रुग्णांच्या उत्तरांशी जुळत नाही. अपवाद म्हणून घेतलं आहे."

कुशीवर वळल्यामुळे चौऱ्याहत्तरवर आलेला आकडा बहात्तर झाला. पंप बंदच राहिला.

"शकू," अण्णा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलले, "इतकं दुखत होतं तर काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आला होतात म्हणून," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. मग त्यांनी कठड्यावरून पडदा बाजूला सारला. पलीकडे विमलकाकूंच्या खाटेभोवती मुलगा सुहास, सून आणि सुनेची आई उभे होते. व्याहीणबाई जरीकाठी नेसून आल्या होत्या. आजाऱ्याला बघायला तसं कोणी येत नाही. काकू सरळ पडून त्यांच्याकडे बघून हसत होत्या. ओठ पांढरे पडले होते.

"विमलकाकू, कसं वाटतंय?" काकूंच्या गादीनं विचारलं.

"काकू," आवटीबाई कठड्यावरून म्हणाल्या, "खरं सांगा. मी सांगितलं ना आत्ता? काही होत नाही. सांगा."

काकूंनी आवटीबाईंकडे पाहिलं. तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, सांगणार. मग त्यांची नजर व्याहीणबाईंवर गेली. त्यांनी चादर दोन बोटं वर ओढली.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी पडद्याकडे तोंड करून हळूच हाक मारली. "आवटीबाई, रागावलात का? त्यांच्यासमोर कसं सांगू हो? पोरीला त्रास देते म्हणतील. उद्या सांगते. उद्या त्या यायच्या नाहीत. सुहास एकटाच आहे."

"नक्की?"

"नक्की. तुमच्यासारखं ओरडून नाही जमायचं मला. पण सांगते."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचं कण्हणं बदललं. आवटीबाईंना ते कळलं, कारण त्या कालपासून त्याकडेच कान लावून होत्या. आधी ते मधूनमधून येई, आता ते थांबत नव्हतं. त्यांनी घंटा वाजवली. सिस्टर आल्या, काकूंच्या उशाशी बघितलं, ब्याण्णव वाचलं.

"झोपल्यात त्या," सिस्टर म्हणाल्या.

"मरताहेत त्या! पोटाला हात लावून बघा. तुम्ही माणसाला हात लावायला शिकलात की नाही कधी?"

सिस्टरना हात लावायचा होता. पण सुखांक ऐंशीच्या वर असलेल्या रुग्णाला विनाकारण उठवायचं नाही, असा नियम होता. त्या डॉक्टरांना विचारून येते म्हणून गेल्या. आवटीबाई सलाइनचा खांब ओढत खाटेवरून उतरल्या. त्यांची गादी कोकलू लागली, 'रुग्ण शय्येवर नाही.' त्यांनी काकूंना डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे वर घेतले, पाठीशी आपलं अंग लावून धरून ठेवलं. काकूंनी डोळे उघडले नाहीत. कण्हणं फक्त जरा कमी झालं. गादी त्या दोघींना ढुशा देत राहिली.

मग दुसऱ्या विभागाचं, नाडी-रक्तदाबाचं यंत्र किंचाळलं. सुजलेलं स्वादुपिंड आतल्या आत सडलं होतं. वाढती कळ हीच त्याची पहिली सूचना असते, आणि ती सूचना कुणापर्यंत पोचली नव्हती. माणसं धावत आली, खूप धावपळ झाली, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. जे काही करता येतं ते सगळं, उशीर झाल्यावर जितक्या तत्परतेनं करतात, तितक्या तत्परतेनं केलं.

चार वाजायला आले तेव्हा यंत्रांच्या तारा काढल्या होत्या. काकूंना कोणीतरी नीट ठेवलं होतं. उताणं, पाय सरळ, हात बाजूला, चादर छातीपर्यंत. मृण्मयी धावत आल्या होत्या, उपळेकरही आले होते. आवटीबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना उचलायला आलेल्या दोघींना त्यांनी असं काही बघितलं होतं, की त्या परत गेल्या.

दारातून सुहास आत आला. हातात शहाळं होतं. खाटेभोवतीची गर्दी बघून तो थांबला, मग त्याला कळलं. तो खाटेशी आला. सगळे थोडे जवळ सरकले.

गादीला आपल्याभोवती माणसं उभी असल्याचं जाणवलं.

"विमलकाकू, कसं वाटतंय?"

सुहासनं आईच्या कपाळावर हात ठेवला. त्याला रडू आवरेना.

"मी सकाळी फोन केला होता हो," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "मी विचारलं, आई, येऊ का आत्ता? तर म्हणाली, नको... बरं आहे."

"धन्यवाद," गादी म्हणाली.

उशाशी आकडा हलला. त्र्याण्णव. शहाण्णव. वायुकोश स्थिर होते, वळवळ नव्हती, पाय सरळ होते, चादर नीट होती, नातेवाईक समक्ष होते, जबाब मिळाला होता. अठ्ठ्याण्णव. मग हिरवा शंभर आला आणि तिथेच थांबला. सुखशय्येच्या इतिहासातला तो पहिला.

उपळेकर त्या आकड्याकडे बघत राहिले. प्रयोगशाळेतला पुतळा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा. त्यांनी तोंड उघडलं, बहुधा सोमवारबद्दल काहीतरी सांगायला.

"बोलू नका," आवटीबाई जमिनीवरून म्हणाल्या. "एक शब्द बोलू नका."

मृण्मयी कक्षाच्या टोकाला भिंतीतल्या लाल खटक्याकडे चालत गेल्या. त्याच्यावर 'परवानगीशिवाय हात लावू नये' अशी पाटी होती. त्यांनी हात लावला.

पडदे विझले. शंभरही विझला. सगळ्या गाद्यांमधून एकदम हवा सुटली, लांब, थकलेल्या उसाशासारखी. भेटीला आलेली माणसं दारातून आत येत होती. दीर, व्याही, जोशीबाई, डबे, फळांच्या पिशव्या. आणि त्यांच्यादेखत पहिल्या खाटेवरची बाई हळूहळू डाव्या कुशीवर वळली. तिनं गुडघे पोटाशी घेतले. मग तिच्या पलीकडची. मग समोरची. कुणाला कुणी सांगितलं नाही. एकेक करून सगळा कक्ष वळला, पाठी दाराकडे, तोंडं भिंतीकडे. चादरी घसरल्या, त्या कुणी ओढून घेतल्या नाहीत.

उपळेकर मधल्या वाटेत उभे होते. इतक्या पाठी त्यांनी एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. सवयीनं, दुसरं काहीच न सुचून, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कसं वाटतंय?"

आणि सगळ्या नातेवाइकांसमक्ष, भिंतींकडून, सगळ्या खाटांवरून जबाब आला.

"दुखतंय."